विषय ठोस द्या, बाजू चिठ्ठीने द्या: वादविवाद स्पर्धांच्या संयोजकांना खुले पत्र

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धांचे संयोजक आणि परीक्षक यांना,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरत आला की तुमची पत्रके महाविद्यालयांत येऊ लागतात. फिरता करंडक, प्रत्येक महाविद्यालयाचे दोन स्पर्धक, एक अनुकूल आणि एक प्रतिकूल, सात मिनिटे, पहिली घंटा, दुसरी घंटा. आणि खाली विषय: जागतिकीकरण शाप की वरदान, कृत्रिम बुद्धिमत्ता तारक की मारक, विकास हवा की पर्यावरण. मी निफाड तालुक्यात वाणिज्य शाखेला शिकवतो. मुलांची तयारी करून घेतो आणि बोलावणे आले तर परीक्षक म्हणूनही बसतो. तुमच्यातले कितीतरी जण पदरमोड करून, देणगीदारांच्या दारात उभे राहून या स्पर्धा चालवतात हे मला ठाऊक आहे. बोलायला शिकलेली दोन-तीन पिढ्यांची माणसे या व्यासपीठांनी महाराष्ट्राला दिली. म्हणूनच मनापासून सांगतो, या विषयांनी आता मुलांचे नुकसान होते आहे.

‘शाप की वरदान’ या विषयावर काहीही बोलता येते आणि बोललेले काहीही खोडता येत नाही. अनुकूल बाजूचा मुलगा 1991 पासून सुरुवात करतो, मोबाइल, मॉल आणि माहिती तंत्रज्ञानावर येतो, एखादी कविता म्हणतो, टाळ्या घेतो. प्रतिकूल बाजूची मुलगी शेतकरी आत्महत्या आणि पाश्चात्त्य संस्कृतीचे अंधानुकरण यांवर बोलते, दुसरी कविता म्हणते, टाळ्या घेते. दोघांची गाठ कुठेच पडत नाही. बाजू महिनाभर आधी ठरलेली असते, त्यामुळे समोरच्या बाजूचे एक पानही कोणी वाचत नाही. भाषण पाठ होते, आवाजाचे चढउतार बसवले जातात आणि मुले घरी जातात ती आली होती त्याच मतासह.

माझ्या मागण्या दोनच आहेत. विषय असा द्या की ज्यात कोणी, काय आणि केव्हा करावे हे स्पष्ट असेल. आणि कोणती बाजू मांडायची हे स्पर्धकाला सभागृहात आल्यावर, बोलण्याच्या तासभर आधी, चिठ्ठी काढून कळू द्या. म्हणजे तयारी दोन्ही बाजूंची करावीच लागेल.

उदाहरण माझ्या अंगणातलेच देतो: ‘देशात कांद्याचे भाव वाढले की केंद्र सरकारने निर्यातबंदी करावी.’

हा विषय कुणाला गावठी वाटेल, पण यात आंतरराष्ट्रीय व्यापार आहे, महागाईचे अर्थशास्त्र आहे, निवडणुका आहेत, शेजारी देशांशी असलेले संबंध आहेत आणि ताटातली भाजी आहे. आधी घटनाक्रम पाहा. 19 ऑगस्ट 2023 रोजी कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लागले. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य आले, म्हणजे त्याहून कमी भावाने कांदा बाहेर पाठवता येणार नव्हता. 8 डिसेंबरपासून थेट बंदी. ती 31 मार्च 2024 पर्यंत असल्याचे सांगितले होते. मार्च संपण्याआधीच ती बेमुदत झाली. 4 मे 2024 रोजी बंदी उठली, तीही 550 डॉलर किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क ठेवून. नाशिक आणि दिंडोरीत लोकसभेचे मतदान 20 मे रोजी होते. सप्टेंबरमध्ये किमान मूल्याची अट गेली आणि शुल्क 20 टक्क्यांवर आले. ते पूर्ण शून्य झाले 1 एप्रिल 2025 पासून. याआधी सप्टेंबर 2019 आणि सप्टेंबर 2020 मध्येही बंदी येऊन गेली होती.

आता शेतकऱ्याची बाजू. ती आमच्याकडच्या कुठल्याही मुलाला झोपेतून उठवून विचारली तरी तो सांगेल. उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो आणि चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरला जातो. चाळीत चार-पाच महिने ठेवायचा म्हणजे वजन घटणार, काही सडणार, काहीला कोंब फुटणार. हा तोटा शेतकरी सोसतो तो दिवाळीच्या आसपास बरा भाव मिळेल या एकाच आशेवर. नेमका तेव्हाच सरकारचा हात आडवा येतो. 2023 मध्ये बंदी आली तेव्हा नवा लाल कांदा बाजारात यायला लागला होता. तो तर चाळीत टिकतही नाही, काढला की विकावाच लागतो. काही आठवड्यांत क्विंटलचा भाव निम्म्यावर आला, बाजार समित्यांत लिलाव बंद पडले, रस्ते अडले. आणि भाव कोसळतो तेव्हा हेच सरकार इतक्या तत्परतेने धावत नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात 512 किलो कांदा विकला. गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाता त्याच्या हातात 2 रुपयांचा धनादेश पडला. राज्याने पुढे क्विंटलला 350 रुपये अनुदान दिले खरे, पण ज्याने रोगराई, पाऊस आणि वीजटंचाई झेलून पीक काढले त्याला अनुदानाच्या रांगेत उभे करणे आणि बाजाराचे दार बंद करणे, दोन्ही एकाच वर्षात घडले.

परदेशातला खरेदीदारही हे सगळे पाहत असतो. 2019 च्या बंदीनंतर बांगलादेशात कांदा किलोला 200 टाक्यांच्या पुढे गेला आणि विमानाने आणावा लागला. त्या ऑक्टोबरमध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. आपण आचाऱ्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितले आहे, आधी कळवले असते तर दुसरीकडून सोय केली असती, असे त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवले. हसत हसत बोलल्या, पण गोष्ट हसण्यावारी नेण्याची नव्हती. तेव्हापासून ढाक्याचा व्यापारी पाकिस्तान, इजिप्त, तुर्कस्तान, चीन इथे माल शोधू लागला आणि बांगलादेश स्वतःचे उत्पादन वाढवण्याच्या मागे लागला. एकदा गेलेले गिऱ्हाईक बंदी उठली म्हणून दुसऱ्या दिवशी परत येत नाही.

आमच्याकडे ही बाजू मांडायला तयारी लागत नाही. म्हणूनच मी वर्गात चिठ्ठ्या टाकायला लागलो.

एका मुलीच्या वाट्याला बंदीची बाजू आली. तिच्या वडिलांचा कांदा त्याच डिसेंबरात मातीमोल गेला होता. तिने चिठ्ठी उघडली आणि गप्प बसली. बदलून देऊ का, असे मी विचारले, तर दोन दिवस द्या म्हणाली. त्या दोन दिवसांत ती नाशिकला मावशीकडे गेली आणि मावशीच्या ओळखीच्या, डबे पुरवणाऱ्या एका बाईंपाशी बसून तिने हिशेब लिहून आणला. साठ डबे, रोजचा सहा-सात किलो कांदा. कांदा वीस रुपये किलो असताना रोजचा खर्च सव्वाशे-दीडशे. सत्तरवर गेला की साडेचारशेच्या आसपास. डब्याचा दर महिन्याचा ठरलेला, मधेच वाढवला तर कंपनीतली मुले दुसरीकडे जातात. म्हणजे रोजचे तीनशे रुपये बाईंच्या नफ्यातून गेले आणि त्यांचा नफा मुळातच तेवढाच. त्यांनी काय केले? रस्सा पातळ केला आणि स्वतःच्या मुलीची शिकवणी दोन महिने थांबवली.

मुलीने हे वर्गात वाचले आणि त्यावर बंदीची बाजू उभी केली. मी ती तिच्याच क्रमाने सांगतो. ऑगस्ट 2023 हा 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, खरिपाची लागवड लांबली, तुटवडा खरा होता. सरकारने आधी सौम्य उपाय करून पाहिले. शुल्क लावले, मग किमान मूल्य आणले, राखीव साठ्यातला कांदा 25 रुपये किलोने विकला. दर तरी उतरला नाही, तेव्हा बंदी आली. 2022-23 च्या राष्ट्रीय उपभोग खर्च पाहणीनुसार ग्रामीण कुटुंबाच्या खर्चात अन्नाचा वाटा 46 टक्के आणि शहरी कुटुंबात 39 टक्के आहे. हातावर पोट असलेल्यांचा याहून जास्त. रेशनवर धान्य मिळते, कांदा मिळत नाही. महागाई वाढली की रिझर्व्ह बँक व्याजदर खाली आणत नाही, कर्जाचा हप्ता चढाच राहतो, आणि तो हप्ता कांदा पिकवणाऱ्याच्या ट्रॅक्टरलाही लागू होतो. शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबरात भाव वाढतो तेव्हा तो माल असतो कुणाकडे? दोन एकरवाल्याने लग्न, उसनवारी आणि खताच्या उधारीपायी मे-जूनमध्येच विकलेला असतो. चढ्या भावाचा लोणी-गोळा मिळतो तो ज्याच्याकडे मोठी चाळ किंवा माल साठवायचे मोठे खळे आहे त्याला. मग बंदीमुळे रडणारा प्रत्येक जण गरीब शेतकरी आहे असे धरून चालायचे कसे?

वर्गात कोणी काही बोलले नाही. नंतर एका मुलाने उठून सांगितले की आमच्याकडे मोठी चाळ आहे आणि ती म्हणते ते बरोबर आहे.

संयोजकहो, त्या मुलीचे मत बदलले नाही. बंदी चूकच होती असे ती आजही म्हणते. पण आता ती म्हणते की अचानक बंदी घालणे चूक, आणि मग विचारते की डबेवाल्या बाईंचे काय करायचे. सरकारने राखीव साठा वेळेवर घ्यावा आणि वेळेवर सोडावा, कोणत्या भावाला किती शुल्क लागेल हे लागवडीच्या आधी जाहीर करावे, म्हणजे शेतकरी, निर्यातदार आणि ढाक्याचा व्यापारी तिघेही त्या हिशेबाने चालतील, असा तिचा प्रस्ताव आहे. मलाही तोच पटतो. विषय ‘जागतिकीकरण शाप की वरदान’ असता तर ही मुलगी त्या बाईंपर्यंत पोहोचली नसती.

आपल्या परंपरेत ही शिस्त होती. शास्त्रार्थ करणाऱ्याने आधी पूर्वपक्ष मांडायचा, तोही असा की खुद्द प्रतिपक्षाने ‘हो, माझे म्हणणे हेच’ म्हणावे, आणि मग त्याचे खंडन करायचे. न्यायसूत्रांनी, म्हणजे तर्कशास्त्राच्या आपल्या प्राचीन ग्रंथाने, सत्य शोधण्यासाठीचा वाद, जिंकण्यासाठीचा जल्प आणि नुसते दुसऱ्याचे पाडण्यासाठीची वितंडा, अशी प्रतवारीच लावून ठेवली आहे. रानड्यांनी 1875 मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती लोकांनी ऐकावे आणि विचार करावा म्हणून. आपल्या स्पर्धा बऱ्याचदा जल्पापाशी थांबतात, कारण गुणपत्रिकेत जिंकण्याशिवाय दुसऱ्या कशाला रकानाच नसतो.

या सूचनेवर एक आक्षेप मी स्वतः बरेच दिवस मनात घोळवला आहे. चिठ्ठीने मिळालेली बाजू मांडायला शिकवणे म्हणजे मुलांना पटत नाही ते पटवून सांगायला शिकवणे. आधीच सगळीकडे पैसे घेऊन काहीही बोलणारी तोंडे आहेत, त्यांत भर कशाला? आक्षेपात दम आहे. तासभर आधी मिळालेली बाजू सफाईने मांडून करंडक नेणारा आणि आतून कोराच राहणारा मुलगा मीही पाहिलेला आहे. म्हणून नुसती चिठ्ठी पुरणार नाही. प्रत्येक भाषणानंतर परीक्षकाने एक प्रश्न विचारावा: समोरच्या बाजूचा कोणता मुद्दा तुला खोडता येत नाही? जो ‘एकही नाही’ म्हणेल त्याचे गुण कापा. जो नेमका मुद्दा सांगेल आणि तरीही आपली बाजू का टिकते हे समजावेल, त्याला भरभरून द्या. प्रतिपक्षाची मांडणी प्रामाणिकपणे केली का, यासाठी शंभरातले पंचवीस गुण ठेवा. आवाज, हावभाव आणि काव्यपंक्ती यांना मिळून दहा पुरेत.

दुसरी काळजी याहून गंभीर आहे. सगळ्याच प्रश्नांना दोन बाजू नसतात. मागे एका पत्रकात हवामान बदल खरा की थोतांड असा विषय होता. ते महाविद्यालय कोणते हे सांगण्याची गरज नाही. तापमान वाढते आहे की नाही हा मोजमापाचा प्रश्न आहे, तो टाळ्यांवर सुटत नाही. बालविवाह, अस्पृश्यता, भानामती यांच्या ‘दुसऱ्या बाजूला’ व्यासपीठ देणे म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला त्याला पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे. विषय निवडताना एवढेच पाहा की दोन्ही बाजूंना सत्य मान्य असलेली आणि चांगल्या मनाची माणसे खरोखर उभी आहेत का. कांद्याच्या प्रश्नात ती आहेत.

असे आणखी कितीतरी प्रश्न आहेत. 7 डिसेंबर 2023 रोजी, म्हणजे कांद्याची अधिसूचना निघाली त्याच दिवशी, उसाच्या रसापासून थेट इथेनॉल करू नका असा आदेश केंद्राने साखर कारखान्यांना दिला. काही दिवसांनी तो सैल केला. सरकारच्याच प्रोत्साहनावर कर्ज काढून आसवनी (डिस्टिलरी) उभारणाऱ्या कारखान्याने काय करायचे? आणि कमी पावसाच्या वर्षी साखर आधी की इंधन आधी? कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगरच्या मुलांना हा विषय द्या, ती कारखान्याच्या गेटवर जाऊन विचारून येतील. किंवा तांदूळ घ्या. जगाच्या तांदूळ व्यापारात सुमारे 40 टक्के वाटा असलेल्या भारताने 20 जुलै 2023 रोजी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली. आपल्या गरिबाच्या ताटासाठी घेतलेल्या निर्णयाची किंमत पश्चिम आफ्रिकेतल्या गरिबाने किती मोजावी, याचे उत्तर सोपे नाही.

युरोपीय संघाचा कार्बन सीमा करही असाच, म्हणजे माल बनवताना हवेत गेलेल्या कार्बनच्या हिशेबाने आयातीवर लागणारा आकार. ऑक्टोबर 2023 पासून फक्त माहिती मागितली जात होती, जानेवारी 2026 पासून पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते यांच्या आयातीवर प्रत्यक्ष भार पडू लागला. दोनशे वर्षे धूर सोडून श्रीमंत झालेल्यांनी आपल्याकडून दंड घ्यावा हा अन्यायच आहे, असे एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते की युरोपातला कारखाना कार्बनचे पैसे भरतो आणि बाहेरून येणारा भरत नाही, मग धूर नुसता जागा बदलतो, कमी होत नाही. दोन्ही वाक्ये खरी आहेत. जालन्याच्या किंवा कोल्हापूरच्या मुलाने लोखंड वितळवणाऱ्या भट्टीशेजारी उभे राहून यावर विचार करावा असे मला फार वाटते.

शहरातल्या महाविद्यालयांना घरपोच सेवा देणाऱ्या मुलांचा प्रश्न द्या. नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालानुसार 2020-21 मध्ये देशात अशी सुटी कामे करणारे (गिग) सगळे मिळून 77 लाख कामगार होते आणि 2029-30 पर्यंत ते 2 कोटी 35 लाखांवर जातील असा अंदाज आहे. त्यांना नोकर मानावे की स्वतंत्र व्यावसायिक? राजस्थानने 2023 मध्ये त्यांच्यासाठी वेगळा कायदा केला. महाराष्ट्राने करावा का? तुमच्या स्पर्धेच्या दुपारी सभागृहात जेवणाचे पार्सल घेऊन येणारा मुलगा बहुधा स्पर्धकांच्याच वयाचा असतो. त्याला दहा मिनिटे बसवून विचारता येईल.

खर्चाचे म्हणाल तर यात वेगळा पैसा लागत नाही. विषय सहा आठवडे आधी कळवा. सोबत दोन्ही बाजूंच्या वाचनासाठी चार-पाच कागद जोडा: एखादी सरकारी अधिसूचना, एखादी आकडेवारी, बाजार समितीचे भाव. प्रत्येक स्पर्धकाने प्रश्नाशी थेट संबंध असलेल्या एका तरी माणसाला भेटून त्याची टिपणे आणावीत अशी अट घाला. परीक्षकांमध्ये एक जण त्या क्षेत्रातला असू द्या. आमच्याकडचा एखादा आडत्या, शेतकरी संघटनेचा एखादा जुना कार्यकर्ता, ग्राहक पंचायतीच्या एखाद्या ताई. वक्तृत्वाचे परीक्षक आपल्याकडे खूप आहेत. चुकीचा आकडा कानावर पडताच हात वर करणारे कमी आहेत. ग्रामीण महाविद्यालयांची मुले आवाजात आणि उच्चारांत मागे पडतात म्हणून पहिल्या फेरीत बाद होतात, ही तुमचीही जुनी खंत आहे. अशा विषयांत त्यांच्याकडे जे आहे ते शहरातल्या मुलांना बसने येऊन शोधावे लागेल.

यंदाची पत्रके अजून सगळ्यांची निघालेली नाहीत. ज्यांची निघायची आहेत त्यांनी निदान अंतिम फेरीपुरता हा प्रयोग करून पाहावा. कांद्याचा विषय घेणार असाल तर दोन्ही बाजूंची कागदपत्रे आमच्या विद्यार्थ्यांनी जमवून ठेवली आहेत, ती पाठवतो. स्पर्धेच्या आदल्या दिवशी स्पर्धकांना लासलगावचा लिलाव दाखवायचा असेल तर सकाळी लवकर या, सोबत मी असेन. परीक्षक म्हणून बोलावलेत तर मानधन नको, प्रवासखर्चही नको.

आपला,
वाणिज्य विभागातला एक प्राध्यापक,
तालुका निफाड, जिल्हा नाशिक